सुभेदारांची स्वारी

घरात स्वस्थ पडून राहण्यासारखे सुख नाही, हे ज्याला उमगले तो उंबरठा ओलांडण्याच्या भानगडीत पडत नाही. आणि चार गावांचे पाणी चाखल्यावाचून अंगी चातुर्य येत नाही, हे ज्याला पटले त्याचा पाय घरात ठरत नाही. या दोन प्रबळ पक्षांमध्ये तह घडवून आणण्याचे कार्य इंग्लंडातील मध्यमवर्गीय गृहस्थाने पार पाडले असून, मोटारीच्या पाठीशी जोडलेले, दोन चाकांवर डुलत येणारे, आत चूल, मोरी, बिछाना आणि फ्रिज यांची सिद्धता असलेले जे पांढरेशुभ्र घर तो दर उन्हाळ्यात ओढीत नेताना दिसतो, ते कॅराव्हॅन नामक घर म्हणजे त्या तहाचेच मूर्त स्वरूप होय. सृष्टिसौंदर्याच्या ओढीने आपण हे घर घेतले, असे त्याचे मालक सांगतात. माझे मत निराळे आहे. हे घर कुत्र्याच्या सहवासात जन्मास आले, कुत्र्यासाठीच ते आजही ओढले जाते, आणि ते चालू असताना त्यात पाऊल ठेवण्यास सर्वांत नालायक असा प्राणीही कुत्राच ठरतो, असा माझा सिद्धान्त असून, त्याच्या पुष्ट्यर्थ मजजवळ ऐतिहासिक, गणिती आणि घरगुती अशी तिन्ही प्रकारची प्रमाणे आहेत.

ऐतिहासिक प्रमाण निर्विवाद आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले एक स्कॉटिश डॉक्टर. मुलांसाठी साहसकथा लिहाव्यात, कुत्र्यामांजरांच्या संगोपनावर ग्रंथ रचावेत आणि उरलेल्या वेळात मोकळ्या हवेची महती गावी, असा त्यांचा दिनक्रम होता. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल येथील गाड्या बांधणाऱ्या एका कारखान्याकडून 'वॉन्डरर' नावाचे चाकांवरचे घर बांधून घेतले, त्यास दोन घोडे जुंपले, आणि बर्कशायर परगण्यातील ट्वायफर्ड गावाहून निघून ते उत्तरेस थेट इन्व्हर्नेसपर्यंत जाऊन पोहोचले. निर्वासित नव्हे, फिरता व्यापारी नव्हे, डोंबारी नव्हे, केवळ हौसेखातर चाकांवर बिऱ्हाड करणारा आद्य सद्गृहस्थ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या लवाजम्यात एक गाडीवान होता. पुढून येणाऱ्या वाहनांना वर्दी देण्याकरिता तीनचाकी सायकलीवर बसून आघाडीस जाणारा एक खिदमतगार होता. एक काकाकुवा होता. आणि 'हरिकेन बॉब' या तुफानी नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा होता. या जातीच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साठसत्तर किलोंच्या घरात जाते, ही गोष्ट घोड्यांच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी आहे. पुढे १९०७ साली अशा हौशी मंडळींचा रीतसर क्लब स्थापन झाला व डॉक्टरसाहेब त्याचे उपाध्यक्ष झाले. परंतु क्लबात माणसांची नोंदणी सुरू होण्यापूर्वी बावीस वर्षे कुत्र्याची झालेली होती, हे ज्येष्ठताक्रम लावणाऱ्याने विसरू नये.

ट्वायफर्डच्या लगतचे रेल्वेस्थानक रेडिंग. तेथे माझा भाचा एका संगणकाच्या कंपनीत चाकरीस असून, त्याच्या घरचा कारभार सुभेदार या नावाच्या पिवळ्या लॅब्रॅडॉरकडे आहे. हे नाव माझ्या भाचेसुनेने ठेवले. सोफ्याच्या मध्यभागी पुढचे पाय लांब सोडून, मान किंचित कलती करून, वसुलीस आलेल्या अंमलदाराप्रमाणे तो घरातल्या प्रत्येक ताटाकडे ज्या नजरेने पाहतो, ती एकदा पाहिली म्हणजे दुसरे कोणतेही नाव त्याला शोभले नसते, हे कोणीही कबूल करील. त्याचे वजन तीस किलो. पशुवैद्याच्या दप्तरी तरी तेवढेच आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवानंतरचे निराळे.

कॅराव्हॅन घेण्यामागची कारणपरंपरा भाच्याने मला हिशेबाच्या वहीनिशी समजावून दिली. सुट्टीत परगावी जावे तर सुभेदारांना श्वानगृहात ठेवावे लागते. त्याचे रोजचे भाडे ऐकून आपल्याकडील बऱ्यापैकी धर्मशाळेच्या विश्वस्तांस घेरी येईल. हॉटेलात बरोबर न्यावे तर निम्मी हॉटेले नकार देतात आणि उरलेली निम्मी वेगळा आकार घेतात. शिवाय श्वानगृहातून परत आल्यावर सुभेदार कित्येक दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नाहीत, हा मानसिक खर्च वहीत दाखवता येत नाही. "मामा, त्याला मागे ठेवून जायचं म्हणजे सुट्टी कसली ती?" असे भाचेसून म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात जी कळकळ होती ती पाहता कॅराव्हॅनचे हप्ते हा मला त्या कुटुंबाच्या कुलधर्मापैकीच एक खर्च वाटू लागला.

आता, ज्याच्यासाठी घर घेतले त्याने प्रवासभर त्या घरात गादीवर लोळत यावे आणि बाकीच्यांनी मोटारीत दाटीवाटीने बसावे, ही व्यवस्था कोणासही स्वाभाविक वाटेल. ओढल्या जाणाऱ्या अशा कॅराव्हॅनमध्ये माणसाने बसू नये, असा ब्रिटनचा कायदा आहे. त्या हुकुमात कुत्र्याचा नामनिर्देश नाही. परंतु कायद्याचे मौन ही संमती समजून जो अर्ज करील, त्याचा अर्ज सृष्टिनियमांच्या कचेरीत तात्काळ फेटाळला जातो. आणि तो कोणत्या कलमाखाली, हे समजून घेण्यासाठी बैलगाडी हाकलेल्या मनुष्यास फारसे शिकवावे लागणार नाही. गाडीच्या मागल्या अंगास ओझे अधिक झाले की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते; पुढे अधिक झाले की बैलांच्या माना मोडू लागतात. मोटारीच्या पाठीमागे जो लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर कॅराव्हॅनने नेमका किती भार टाकावा, याचाही असाच दंडक आहे. भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन बाराशे किलो धरले तर त्याच्या पाच ते सात टक्के, म्हणजे साठ ते चौऱ्याऐंशी किलो, एवढा भार त्या गोळ्यावर पडावा. कमी पडला तर मागचे घर रस्त्यावर नागमोडी वळणे घेऊ लागते, आणि मग पुढच्या मोटारीचेही स्वातंत्र्य संपुष्टात येते. अशा वेळी गडबडून ब्रेक न दाबता पेट्रोलचा पाय हलकेच उचलून वेग आपसूक उतरू द्यावा, असे शास्त्र आहे, आणि असे शास्त्र पाळण्यास लागणारी स्थितप्रज्ञता गीतेतही दुर्मिळ म्हणून सांगितली आहे.

भाच्याने सर्व सामान तोलूनमापून लावले आणि गोळ्यावर बहात्तर किलो आणले, असे धरू. सुभेदार कॅराव्हॅनच्या मध्यभागी, आसाच्या बरोबर वर, शांत निजले आहेत तोवर हा आकडा ढळत नाही. पण ते उठले. आसापासून मागे दोन मीटरांवर स्वयंपाकाचे कपाट आहे, आणि तेथे त्यांचा जीव गुंतलेला आहे. गोळा आसापासून पुढे चार मीटरांवर आहे. तीस किलोंचा देह दोन मीटर मागे सरकताच गोळ्यावरचे पंधरा किलो नाहीसे होतात. बहात्तराचे सत्तावन्न होतात. साठाची लक्ष्मणरेषा ओलांडली जाते. कपाट बंद असल्याची खात्री पटून ते खिन्न मनाने पुढल्या खिडकीशी आले की सत्तावन्नाचे सत्त्याऐंशी. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, असा दृष्टान्त देऊन आपल्याकडे कित्येक पिढ्या अहंकारी माणसांची टवाळी करण्यात आली. तो कुत्रा चुकीच्या ठिकाणी चालत होता, इतकेच. त्याला गाडीत घेऊन राजमार्गावर सोडला असता, तर त्याचे म्हणणे चार पंचांदेखत शाबीत झाले असते.

गणित बाजूला ठेवले तरी चालत्या कॅराव्हॅनचा अंतर्भाग हे कोणाही सजीवाने राहण्याचे ठिकाण नव्हे. बाहेरून जे घर हंसासारखे संथ तरंगत येताना दिसते, त्याच्या आत कपाटांची दारे उघडमीट करीत असतात, फ्रिजचे दार खीळ सोडून बाहेर येते, गाद्या जागा बदलतात, आणि प्रत्येक खड्ड्याला मागची बाजू वर उडून खाली आपटते. भिंती पातळ पत्र्याच्या आणि हलक्या लाकडाच्या; वजन कमी ठेवायचे म्हणून मुद्दाम तशा केलेल्या. अपघात झाला तर त्या काडेपेटीप्रमाणे उकलतात. शिवाय आत भ्यालेला प्राणी काय करतो आहे, हे पुढे मोटारीत बसलेल्या धन्यास दिसण्याची काहीच सोय नसते. यावर एका शेजाऱ्याने भाच्याला आत कॅमेरा बसवण्याचा सल्ला दिला होता. संकट टाळण्याऐवजी त्याचे चलच्चित्र पाहावे, ही कल्पना मला आधुनिक वाटली.

म्हणून सुभेदारांचे आसन मोटारीतच. तेथेही ते मोकळे बसू शकत नाहीत. वाहनातील कुत्र्यास अशा रीतीने जखडून ठेवावे की तो चालकाचे लक्ष विचलित करणार नाही आणि एकाएकी थांबावे लागल्यास स्वतःस वा इतरांस इजा करणार नाही, असे ब्रिटनच्या हायवे कोडात लिहिले असून, अंगपट्टा, पेटी, पिंजरा आणि सीटमागची जाळी असे उपायही तेथे सांगितले आहेत. कॅराव्हॅन ओढणाऱ्यास मोटारमार्गावर ताशी साठ मैल, म्हणजे सुमारे शहाण्णव किलोमीटर, एवढी मर्यादा आहे. त्या वेगाने धावणारी मोटार झटकन थांबली तरी मागच्या तीस किलोंना थांबण्याचा हुकूम मिळालेला नसतो. ते त्याच वेगाने चालकाच्या मानेशी येऊन दाखल होतात. भाच्याने यावर भक्कम पिंजरा घेतला, तो डिकीत बसवला, आणि त्यामुळे डिकीतली कनात व तिचे खांब कॅराव्हॅनमध्ये गेले, कॅराव्हॅनमधल्या पुस्तकांच्या पेट्या घरी राहिल्या, आणि वाचन हा छंद त्या सुट्टीपुरता रद्द झाला. कॅराव्हॅनच्या संसारात एक वस्तू हलली की तिच्यामागे साऱ्या वस्तूंना बदलीचे हुकूम सुटतात.

तथापि डिकीतल्या पिंजऱ्याचे खरे मर्म वेल्सकडे जाताना, मोटारमार्गावरील एका विसाव्याच्या ठिकाणी उलगडले. कॅराव्हॅनवाल्यांसाठी राखून ठेवलेली जागा अशा ठिकाणी नेहमी उपाहारगृहापासून सर्वांत दूर, अवजड ट्रकांच्या पलीकडे असते. तिथे आम्ही थांबलो. सुभेदारांना पाय मोकळे करायचे होते, आणि ती इच्छा त्यांनी गेल्या दहाबारा मैलांपासून सूचित केलेली होती. भाच्याने डिकीची कळ दाबली. डिकीचे दार वीतभर वर आले, आणि कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाला जे लहान चाक असते त्याच्या उभ्या मुठीवर येऊन थडकले. घर जोडलेले असताना डिकी पुरी उघडत नाही. वीतभर फटीतून एक काळे ओले नाक बाहेर आले आणि वेल्सच्या दिशेचा वारा हुंगू लागले.

यावर उपाय दोन. पहिला, कॅराव्हॅन सोडवून मागे ढकलणे, आणि तो करू गेल्यास ट्रकवाल्यांच्या वाटेत कायमचे बिऱ्हाड होण्याचा संभव. दुसरा, चांगल्या पिंजऱ्याला सीटच्या बाजूने जे संकटकाळचे दार ठेवलेले असते, ते उघडणे. ते ठेवणाऱ्या कारागिराची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. फक्त त्या दारासमोर मागच्या सीटवर एक वृद्ध मामा बसलेला असेल, हे त्याच्या नकाशात नव्हते. भाच्याने एक पाय बाहेर आणि उर्वरित देह आत अशा अवस्थेत सीटवर गुडघे टेकले, सीटची पाठ पाडली, खिटी काढली, पट्टा अडकवला, आणि "मामा, तुम्ही हलू नका" असे म्हणाला. मी हललो नाही. सुभेदार माझ्या मांडीवरून, खांद्यावरून आणि चष्म्यावरून, प्रत्येक ठिकाणी यथोचित थांबा घेत, बाहेर उतरले. शेजारच्या कॅराव्हॅनमधले एक वयस्क इंग्रज गृहस्थ हा सोहळा अदबीने पाहत उभे होते. ते दोन पावले पुढे आले, किंचित वाकले, आणि प्रवास कसा झाला म्हणून त्यांनी मोठ्या आस्थेने विचारणा केली. विचारणा सुभेदारांकडे होती.

उपाहारगृहात सर्वांनी एकदम जाण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर बावीस अंश, म्हणजे पुण्याच्या माणसाने स्वेटर शोधावा असे हवामान असले, तरी बंद मोटारीच्या आतील उष्णता तासाभरात सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढू शकते, असा तेथील प्राणिसंरक्षक मंडळींचा इशारा आहे, आणि तो त्या देशात गंभीरपणे घेतला जातो. तेव्हा पाळी लावून, आळीपाळीने, उभ्याउभ्याने खाणे झाले. अशी चहाची रजा मी नोकरीत असताना उपभोगली होती, तीही खात्यातर्फे तपासणी चालू असतानाच.

मोटार वाटेत बंद पडली तर काय करावे, याचीही तजवीज कायद्याने करून ठेवलेली आहे, आणि ती मला फार मनोज्ञ वाटली. मोटारमार्गाच्या कडेला गाडी थांबली की माणसांनी डाव्या दारांनी उतरून, रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे. जनावरांस मात्र गाडीतच ठेवावे, आणि अगदी प्राणावर बेतले तरच बाहेर काढून काबूत धरावे. म्हणजे पावसात भिजत सहकुटुंब गवतावर उभे राहून, कोरड्या मोटारीत निवांत बसलेल्या आपल्या कुत्र्याकडे पाहत मदतीची वाट पाहायची. या नियमामागचे तर्कशास्त्र शुद्ध आहे, कारण बिथरलेला कुत्रा धावत्या वाहनांत शिरला तर त्याच्याबरोबर इतरांचेही प्राण जातील. पण ते दृश्य नजरेसमोर आणले की त्या देशातील सत्तेची उतरंड कोणत्याही घटनापंडिताच्या ग्रंथापेक्षा अधिक स्पष्ट समजते.

हे सारे पाहिल्यापासून महाभारतातील एका प्रसंगाबद्दल माझे मत पालटले आहे. युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात येण्याचे नाकारले, आणि इंद्राने कुत्र्यास रथात घेण्याचे नाकारले, यात आपण आजवर एकास धर्मात्मा आणि दुसऱ्यास दुराग्रही ठरवत आलो. इंद्राची बाजू कोणी ऐकून घेतली काय? चढ स्वर्गाचा, रथ आकाशगामी, सामान भरून झालेले, आणि आयत्या वेळी मोजणीत नसलेला एक प्राणी. त्याने वजनाचा प्रश्न काढला असेल आणि व्यासांनी तो शौचाशौचाचा म्हणून लिहून घेतला असेल, अशी मला दाट शंका येते.

समुद्रापलीकडे जायचे झाले की प्रकरण फौजदारीतून मुलकीत जाते. २००० सालापूर्वी परदेशाहून ब्रिटनमध्ये येणाऱ्या कुत्र्यास पिसाळरोगाच्या धास्तीने सहा महिने सक्तीच्या एकांतवासात राहावे लागे. त्या वर्षी ही शिक्षा बऱ्याच अंशी माफ होऊन पुढे कुत्र्यांना पासपोर्ट मिळू लागले. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये काढलेल्या त्या पासपोर्टांची युरोपातील किंमत शून्य झाली. माणसांनी युरोपीय संघ सोडण्यासाठी मतदान केले आणि कुत्र्यांची कागदपत्रे बाद झाली. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. तेव्हापासून फ्रान्सला जायचे तर आधी कातडीखाली ओळखीची चिप, मग पिसाळरोगाची लस, मग एकवीस दिवसांचा अवकाश, आणि मग अधिकृत पशुवैद्याच्या सहीशिक्क्याचा अनेक पानी आरोग्यदाखला, अशी पायरी आहे. दाखला हाती पडल्यापासून दहा दिवसांच्या आत सरहद्द ओलांडावी. पुढे चार महिने फिरावे. पुढच्या खेपेस नवा दाखला. परतताना पट्टकृमीची गोळी परदेशातील पशुवैद्याकडून देववून तिची तारीख व घटका नोंदवून आणावी, आणि ब्रिटनच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी त्या गोळीस चोवीस तासांहून कमी अथवा एकशेवीस तासांहून अधिक काळ लोटलेला नसावा. ज्योतिषीबुवांनी काढून दिलेला लग्नाचा मुहूर्त चुकवून संसार केलेली जोडपी मला ठाऊक आहेत. हा मुहूर्त चुकला तर मात्र सारे घर, चाकांसकट, फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकते.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्सचा बेत आहे. लुआर नदीकाठचे कोणते राजवाडे पाहायचे, हे ठरण्यापूर्वी परतीच्या मार्गावर कोणत्या गावी पशुवैद्य गुरुवारी दवाखाना उघडा ठेवतो, याचा शोध पूर्ण झालेला आहे, आणि राजवाड्यांनी त्यानुसार आपापल्या जागा घेतल्या आहेत. हे सर्व दस्तऐवज भाच्याने एका फायलीत लावून ठेवले असून, परवा भाचेसुनेने ती टेबलावर उघडी टाकली असता शेवटच्या पानावरचा वजनाचा तक्ता माझ्या नजरेस पडला. कायद्याने मोटारीच्या वजनात चालक सामानासकट पंचाहत्तर किलोंचा धरलेला असतो. माझा भाचा हा आकडा मागे टाकून बरीच वर्षे झाली, त्यामुळे इतर बाबींत काटकसर अपरिहार्य आहे, हे मला मान्य आहे. तक्त्यात पहिली ओळ सुभेदारांची होती. त्यानंतर पिंजरा, बिछाना, पाण्याचे भांडे, बारा किलो खाद्य. खाली बऱ्याच अंतरावर 'मामा, मागची सीट, डावी बाजू, अडुसष्ट', आणि त्याखाली 'मामांचा फराळाचा डबा, चार', व समोर सुनेच्या अक्षरात 'फेरविचार' असा शेरा. मी पुन्हा वर जाऊन पाहिले. खाद्याच्या बारा किलोंपुढे शेरा नव्हता.